‘ओसरी’ कुणी फोडली

आमच्या महाविद्यालयातील ‘ओसरी’ हे मोबाइल ॲप तीन वर्षांपूर्वी फुटले, म्हणजे त्यावर एका विद्यार्थ्याने विश्वासाने लिहिलेले त्याच्या घरापर्यंत पोहोचले, असा बोभाटा झाला होता. चौकशी झाली, बैठका झाल्या, ॲप काही महिने बंद राहिले आणि ते तयार करणाऱ्या मुलीच्या कामाला बोल लागला. वास्तविक ॲप फुटलेच नव्हते. ते मी फोडले होते. त्यासाठी मला कोणतेही तंत्रज्ञान लागले नाही. एक फोन पुरला. आणि त्यानंतर मी गप्प राहिलो.

संपादकांनी ‘आपल्या कामातील गमती लिहा’ असे सुचवले, तेव्हा गमती पुष्कळ आठवल्या. परंतु लिहायला बसलो की प्रत्येक गमतीच्या आधी हीच गोष्ट पुढे येई. म्हणून तीच सांगतो. गमती तिच्या आजूबाजूला आहेतच. यातील तिघा मुलांनी हा लेख छपाईपूर्वी वाचला आहे आणि त्यांची नावे मी बदलली आहेत. त्यांतील एकाने मात्र अट घातली, ‘सर, नाव बदला, पण जत बदलू नका. गावाकडं दाखवायचंय.’

मी मूळचा सातारा जिल्ह्यातला. सांगलीत मानसशास्त्र शिकवता शिकवता केस पांढरे झाले. अध्यापनासोबत समुपदेशन कक्षाची जबाबदारीही माझ्याकडे होती. हा कक्ष फी भरण्याच्या खिडकीला लागून होता. खिडकीपुढे सदैव रांग असे, त्यामुळे कक्षात कोण शिरले हे अर्ध्या महाविद्यालयाला कळे. परिणामी माझ्याकडे येणारे बहुतेक विद्यार्थी दारातूनच विचारत, ‘सर, जिमखाना कुठाय?’ मी अत्यंत आपुलकीने जिमखान्याचा रस्ता सांगत असे.

शबाना ही माझी जुनी विद्यार्थिनी. मिरजेची, घरी पिढ्यान्‌पिढ्या तंबोरे घडवण्याचे काम. तिने मात्र संगणकाची वाट धरली होती. एकदा सहज भेटायला आली, रांग पाहिली, माझी रिकामी खुर्ची पाहिली आणि म्हणाली, ‘सर, तुमच्या खोलीला दार हाय, हेच पोरांचं दुखणं. बिनदाराचं काहीतरी करूया का?’

त्यातून ‘ओसरी’ उभी राहिली. घराच्या आत न शिरता आणि रस्त्यावरही न राहता जिथे घटकाभर टेकता येते, ती जागा. म्हणून हे नाव. तिची रीत साधी आहे. विद्यार्थी एक टोपणनाव घेतो. रोज सकाळी त्याच्या मोबाइलवर एक प्रश्न येतो. तो एका शब्दात उत्तर देतो, चार ओळी लिहितो किंवा काहीच लिहीत नाही. आम्ही तीन प्राध्यापक ते वाचतो आणि उत्तर देतो. नाव, वर्ग, मोबाइल क्रमांक, काहीही आम्हाला दिसत नाही; खुद्द शबानालाही दिसत नाही. जिवाला धोका वाटलाच, तर आधी त्या विद्यार्थ्यालाच विचारायचे आणि मग दोन प्राध्यापकांनी मिळून पुढचे ठरवायचे. एकट्याने कधीही नाही. हा नियम मी लिहिला होता आणि त्यातील ‘कधीही’ या शब्दाखाली रेघही मीच ओढली होती.

पहिला प्रश्नही माझाच. ‘आज आपली मनःस्थिती कशी आहे? योग्य पर्याय निवडा : समाधानी, चिंताग्रस्त, उदासीन, अन्य.’ जवळजवळ सर्वांनी ‘अन्य’ निवडले. ‘कांदाभजी’ नावाच्या एका विद्यार्थ्याने तेवढे लिहिले, ‘सर, हे पेपरला येणार हाय का?’

शबाना पोट धरून हसली. ‘सर, हे वाचून बरा असलेला माणूसबी उदासीन होईल.’ तिने माझा प्रश्न पुसून टाकला आणि तिथे तीन शब्द लिहिले : ‘आज करमतंय का?’

दुसऱ्या दिवसापासून उत्तरांची रीघ लागली. ‘करमणे’ या क्रियापदाचा मी तोवर कधी विचार केला नव्हता. आपल्याकडे सहसा कुणी ‘मला छान करमते’ असे सांगत फिरत नाही. ते बिनसले की मगच हा शब्द तोंडात येतो. त्यात आजाराचा शिक्का नाही आणि लाज वाटावी असेही काही नाही. वसतिगृहात राहणाऱ्या, तालमीत घुमणाऱ्या दणकट मुलालासुद्धा ‘करमंना’ म्हणताना संकोच वाटत नाही. माझ्या पुस्तकांतील भारदस्त संज्ञा जिथे उंबऱ्यावरच अडल्या, तिथे हा शब्द आत जाऊन बसला.

शब्दांनी आमची फजितीही भरपूर केली. काही धोक्याचे शब्द कुणी लिहिले की आमच्या मोबाइलवर घंटा वाजावी, अशी सोय होती. ‘मेलो’, ‘खलास’, ‘जीव गेला’ वगैरे. पहिल्याच आठवड्यात घंटा खणखणली. कांदाभजीने लिहिले होते, ‘मेलो मेलो मेलो. जीव गेला.’ मी तास अर्धवट सोडून बाहेर आलो आणि विचारले, ‘काय झालं? तू कुठं आहेस?’ उत्तर आले, ‘क्यांटिनात. मिसळीचा कट लय जाळ हुता सर. तुमी येताय का?’

आमच्या भागातला माणूस आनंदाने दिवसातून दहादा मरतो आणि खरोखर अडचणीत असला की ‘बरं हाय’ म्हणतो, हे आम्ही त्या दिवशी शिकलो. घंटेचे शब्द आम्ही त्यानुसार बदलून घेतले.

पालकांना हे सारे पटवणे अवघडच होते. पालकसभेत तासगावचे एक द्राक्षबागायतदार उभे राहिले. ‘आवं सर, मोबाइलपायी पोरं बिघडली म्हणून आमी बोंबलतोय, आन तुमी औषध मोबाइलातच घातलं व्हय?’

मी म्हणालो, ‘मुलं जिथं बसलेली असतात, तिथंच जाऊन आम्ही शेजारी बसतो. एवढंच.’

‘बसा, बसा. आन बसलाच हायसा तर आमच्या चिरंजीवांस्नी इचारा, बागंत कवा येणार? आमचा फोन उचलत न्हाईत त्ये.’

सभागृह हसले. मीही हसलो. काम रुळावर आले होते आणि मला त्याचा अभिमान वाटू लागला होता. अभिमान सोबतीला असताना माणूस नियम पाहत नाही, हे मला पुढे कळले.

त्या वर्षी ‘मेंढरू’ या टोपणनावाचा एक विद्यार्थी लिहू लागला. ‘आज करमतंय का?’ या प्रश्नाला तो बहुतेक वेळा ‘न्हाई’ एवढेच उत्तर देई. मी चार ओळी लिहिल्या की तो एक लिही. एकदा त्याने लिहिले, ‘अव्वाच्या भाकरी संपल्या. करमंना.’ पुढे एकदा, ‘समदी हसत्यात तवा मीबी हसतो. खोलीत आलं की पोटात कायतरी बसल्यागत वाटतं.’ त्यानंतर फक्त, ‘बरं हाय.’ आणि मग काहीच नाही.

‘बरं हाय’ नंतरच्या त्या शांततेने मी अस्वस्थ झालो. तिथवर माझे काही चुकले नव्हते. पुढे मात्र मी कोडे सोडवायला बसलो. आईला ‘अव्वा’ म्हणतात ते जतच्या बाजूला, कर्नाटकाच्या सीमेवर. आणि ‘मेंढरू’! माझ्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गात जतचा एक मुलगा होता, बिरू. घराणे पिढ्यान्‌पिढ्या मेंढपाळांचे, आता ज्वारीची शेतीही करणारे. तो वसतिगृहात राहत होता आणि त्या दिवसांत मागच्या बाकावर बसून सारख्या जांभया देत होता. मला वाटले, झाले, सापडला. बोलीभाषेचे आपले ज्ञान किती कामी आले, याचे समाधानही वाटले. आज लिहिताना शरम वाटते ती याची, की मी शब्द वाचलेच नव्हते. एका मुलाचे घराणे तेवढे वाचले होते.

नियमाप्रमाणे मी मेंढरूलाच विचारायला हवे होते. दुसऱ्या प्राध्यापकांशी बोलायला हवे होते. ते शेजारच्याच वर्गात शिकवत होते. मी वसतिगृहाच्या कार्यालयातून बिरूच्या वडिलांचा क्रमांक घेतला आणि फोन लावला. ‘मुलाकडे जरा लक्ष असू द्या. त्याला इथे करमत नाही, असं तो ॲपवर लिहितो.’

दुसऱ्या दिवशी बिरूचे वडील आणि मामा जीप घेऊन वसतिगृहाच्या दारात हजर झाले. बिरू व्हॉलीबॉल खेळत होता. एका स्पर्धेसाठी पहाटेपर्यंत चालणाऱ्या सरावामुळेच त्याला वर्गात जांभया येत होत्या, हे मला नंतर समजले. वडील म्हणाले, ‘चल घरला. तुझ्या त्या ॲपानं समदं सांगितलंया आमास्नी.’

‘कुठलं ॲप? मी कुठं काय लिवलंय?’

‘असंच म्हणत्यात समदी. बस जीपमदी.’

हे संभाषण साऱ्या वसतिगृहाने ऐकले. दुपारपर्यंत ‘ओसरी फुटली’ ही बातमी महाविद्यालयभर झाली आणि मुले भराभर ॲप काढून टाकू लागली. मी वर्गात उभा असतानाच माझ्या मोबाइलवर मेंढरूचा संदेश आला.

‘सर, माझ्या रूममेटला घरच्यांनी नेलं. त्याला काय बी झालं न्हवतं. आता खोलीत मी एकटाच हाय. हे ॲपबी काढतोय. तुमी बोलायचा ते बरं वाटायचं.’

मेंढरू वसतिगृहातच होता. तो बिरू नव्हता. बिरूचा खोलीतला सोबती होता. ज्याला करमत नव्हते, त्याचा एकुलता एक सोबती मी जीपमध्ये बसवून जतला पाठवला होता, आणि आता त्याच्या माझ्यातला शेवटचा धागाही तुटत होता. मी लिहिले, ‘काढू नकोस. तुझा मित्र परत येईल. तोवर रोज मला एक शब्द तरी लिही.’ उत्तर आले, ‘बघतो.’

या वेळी मी शेजारच्या वर्गातील सहकाऱ्यांना गाठले आणि एका विद्यार्थ्याशी बोलत राहायला हवे, हे सांगितले. फोनची गोष्ट मात्र सांगितली नाही. सकाळी जतची एस.टी. पकडली.

बिरूच्या घरी दृश्य पाहण्याजोगे होते. बाजेवर बिरू, समोर ताट, भोवती नातेवाईक. मोबाइल काढून घेऊन ज्वारीच्या कणगीत पुरला होता. मला पाहताच तो उठला.

‘सर, आलासा? लय बरं झालं. मला नेमकं काय झालंय, तेवढं सांगा ह्यास्नी. येईल तो पाव्हणा माझ्याकडं बघतोय आन मान हलवतोय!’

‘बघा की सर,’ त्याची आई पदराने डोळे टिपत म्हणाली, ‘काल आल्यापास्नं नुसता हसतोय. लय मनाला लावून घेतलंया पोरानं.’

‘अव्वा, मी हसतोय ते तुमास्नी बघून!’

‘ऐकलासा?’ वडील माझ्याकडे वळले. ‘आन तुमीच म्हणला न्हवं, पोराला करमंना म्हणून?’

खरे सांगण्याची ती वेळ होती. मी म्हणालो, ‘काहीतरी घोटाळा झालेला दिसतो.’

या वाक्याला कर्ता नाही. घोटाळा आपोआप होतो, दिसतोही आपोआप. आयुष्यभर शुद्ध मराठीचा आग्रह धरणाऱ्या माणसाने व्याकरणाचा असा उपयोग करून घेतला.

बिरूची पाठवणी करताना आईने भाकरीची दोन गाठोडी बांधली. ‘ह्ये तुझं. आन ह्ये त्या सातारच्या लेकराचं. त्येला आय न्हाई वो सर. सुट्टीला आलं हुतं बिरूसंगं, तवापास्नं मलाबी अव्वाच म्हणतंय.’

‘आन त्याची केसं बघा एकदा सर,’ बिरू म्हणाला. ‘असली कुरळी, की समदं होस्टेल त्याला मेंढरूच म्हणतं.’

कोड्याचे उत्तर असे दोन वाक्यांत माझ्या पुढ्यात आले. फोन करण्याऐवजी मी बिरूच्या खोलीत जाऊन दोघांसोबत चहा घेतला असता, तरी ते मला मिळाले असते.

बिरू परतला. मेंढरूने ॲप काढले नव्हते. तो रोज एक शब्द लिहीत होता. बिरू आला त्या दिवशी त्याने दोन लिहिले : ‘भाकरी आल्या.’ काही आठवड्यांनी कुरळ्या केसांचा एक मुलगा फीची रांग ओलांडून माझ्या दारात उभा राहिला. त्याने जिमखाना विचारला नाही. ‘सर, मेंढरू म्हंजे मीच. संग्राम.’

घरी वडील आणि भाऊ, दोघेही फौजेतले. आई जाऊन वर्ष झालेले. तोही भरतीला गेला होता. नजर कमी भरली आणि नाव वगळले गेले. घरात कुणी रागावले नव्हते. पण कुणी काही बोललेही नव्हते. आम्ही दोघे मिरजेच्या एका मानसोपचारतज्ज्ञांकडे जाऊ लागलो. परतताना प्रत्येक वेळी तो रसवंतीवर थांबे आणि पैसे मला देऊ देत नसे. वर्षअखेरीस तो वसतिगृहाच्या नाटकात हवालदार झाला आणि चष्मा लावूनच कवायत करून दाखवली. वडील पहिल्या रांगेत बसून हसले.

त्याचे असे ठीक होत गेले, म्हणून मी स्वतःची समजूत घालत राहिलो. शबानाचे मात्र ठीक झाले नव्हते. चौकशी समितीपुढे ती आपला संगणक घेऊन बसली. ‘पुन्हा तपासते, सर,’ एवढेच ती प्रत्येक प्रश्नाला म्हणे. मी त्या समितीचा सदस्य होतो. बिरूच्या घरच्यांना समितीने बोलावलेच नाही, आणि ॲपनेच मला चुकीचे नाव दाखवले असणार, असे बिरू धरून चालला होता. ‘तांत्रिक त्रुटीची शक्यता नाकारता येत नाही,’ असा निष्कर्ष लिहिला गेला आणि त्याखाली मी सही केली. पुढे कित्येक महिने तिचा मधूनच फोन येई. ‘सर, ते कुठून गेलं, मला अजून सापडंना. रात्रंदिवस तेच डोक्यात हाय.’ मी म्हणे, ‘जाऊ दे, शबाना. इतकं मनावर घेऊ नये.’ लोकांच्या मनावरचे ओझे उतरवणे हा माझा व्यवसाय होता.

शेवटी तिने सगळे ॲप नव्याने बांधले. कुलपावर कुलूप घातले. कांदाभजीने तक्रार केली, ‘आत शिरस्तवर करमाय लागतंय, मग लिवायचं काय?’ तिने दोन कुलपे कमी केली.

यंदाच्या जूनअखेरीस नव्या विद्यार्थ्यांना ‘ओसरी’ समजावून सांगण्याचा कार्यक्रम झाला. सभागृह भरले होते. संग्राम आता एम.ए.ला असून ध्वनिक्षेपकाची व्यवस्था त्याच्याकडे होती. बी.एड. करणारा बिरू कारण नसताना आला होता आणि भिंतीला टेकून सर्वांत मागे उभा होता. शबाना बोलत होती. नाव कुणालाही दिसत नाही, असे ती सांगत असताना पुढच्या रांगेतील एक मुलगी उठली.

‘मॅडम, हे ॲप मागं फुटलं हुतं म्हणत्यात. खरं हाय का?’

‘हो,’ शबाना म्हणाली. ‘माझ्या कामात काहीतरी चूक राहिली होती. मला ती कधीच सापडली नाही. म्हणून सगळंच पुन्हा बांधलं. तरी तुम्हाला भीती वाटत असेल, तर मी समजू शकते.’

त्या मुलीने हातातला मोबाइल पर्समध्ये ठेवला. तिच्या शेजारणींनीही ठेवले. मी शबानाकडे पाहिले. तिने मान खाली घातली होती. न केलेल्या चुकीसाठी, आणि तेही माझ्या देखत.

मी खुर्चीवरून उठलो. काय बोलावे याची जुळवाजुळव केलेली नव्हती. ‘थांबा,’ मी म्हणालो. ‘शबाना, तुला ती चूक सापडली नाही, कारण ती तिथं नव्हतीच. बिरूच्या घरी फोन मी केला होता. नाव मला दिसलं नव्हतं. ते मी माझ्या मनानं लावलं, आणि चुकीच्या मुलाला लावलं. आणखी एकाला त्याचा त्रास झाला. त्याचं नाव सांगणं माझ्या अधिकारात नाही.’

तेवढ्यात मागच्या भिंतीपासून बिरूचा खणखणीत आवाज आला, ‘सर, मोठ्यानं बोला की! हितं काय बी ऐकू येईना!’

मुले हसली. मीही हसलो असेन. संग्राम पायऱ्या चढून आला, ध्वनिक्षेपक माझ्या हातात दिला आणि बाजूला न जाता तिथेच माझ्याजवळ उभा राहिला. मी पुन्हा सुरुवातीपासून सर्व सांगितले. फोन, जीप, जतमधले ते बिनकर्त्याचे वाक्य, समितीच्या अहवालाखालची माझी सही. या वेळी माझा आवाज भिंतीपर्यंत पोहोचत होता.

‘बिरू, तुला न विचारता मी तुझ्या घरी फोन केला. मला माफ कर. ज्याचा सोबती मी त्याच्यापासून दूर केला, त्यानंही मला माफ करावं. आणि शबाना, तू तीन वर्षं शोधत होतीस आणि मला माहीत होतं. तू विचारत होतीस आणि मी गप्प बसलो होतो. ॲप फुटलं नाही, मी फोडलं. मी तुझी माफी मागतो.’